सुचितानं न म्हटलेलं आमेन

मेहकरच्या बसस्थानकामागच्या गल्लीत सुचिताचं पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान म्हणजे तिच्या आईच्या घराची पुढची खोली. एक मशीन, दोऱ्यांच्या रिळांची फळी, भिंतीवर लाकडी क्रूस आणि गिऱ्हाइकाला बसायला प्लास्टिकचं स्टूल. सुचिताच्या उजव्या हाताची तीन बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिली आहेत. म्हणून ती साडी डाव्या हातानं सरकवते आणि उजव्या मनगटानं दाबून धरते. उजवा कान अर्धाच आहे, मानेची कातडी हनुवटीपर्यंत ओढली गेली आहे. नवीन बाई आली की उंबऱ्यातच थबकते. सुचिता वर न बघता म्हणते, "या ना ताई, किती साड्या हायेत?"

मी अशीच तिच्या उंबऱ्यात थबकले होते. मी इथल्या शाळेत शिकवते. तिच्या धर्माची नाही, आणि देवाच्या बाबतीत फारशी कुठल्याच बाजूची नाही. पण साड्या देता-घेता ओळख वाढली, आणि तिची केस उभी राहिली तेव्हा मी दोन-तीनदा कोर्टातही जाऊन बसले. पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे, थोडं तिच्या आईकडून.

सुचिताच्या घरात ख्रिस्ती धर्म आजोबांपासूनचा. वडील एसटीत ड्रायव्हर होते, ती शाळेत असतानाच वारले. आई बालवाडीत मदतनीस. रोज सकाळी चहाच्या आधी प्रार्थना, रविवारी स्वच्छ कपडे घालून उपासना, नाताळात गाणी. सुचिताला सगळ्या प्रार्थना पाठ होत्या आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तेवढंच होतं. पाठ होतं. देव असतो हे तिला जसं माहीत होतं, तसं दिल्ली असते हेही माहीत होतं. बारावी झाल्यावर तिला नर्सिंगला जायचं होतं, पण त्याआधीच स्थळ आलं.

मुलगा राजकुमार, डोणगावच्या पुढच्या एका खेड्यातला. घरची थोडी शेती, सोयाबीन आणि तूर. त्याचे वडील उकंडराव गावच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पंच होते. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं होतं. मोठेपणी त्यांनी आपल्या मर्जीनं ख्रिस्त स्वीकारला, पण नाव बदललं नाही. गावात कोणाचं भांडण असो, कोणाचा आजारी माणूस असो, उकंडरावांना बोलावणं यायचं. त्यांनी सुनेला कधी 'अगं' म्हटलं नाही, नेहमी 'बाई' म्हणत. सासू रुखमाबाई कमी बोलणारी, कामाची. आणि राजकुमारचा आवाज गोड. पेटी घेऊन बसला की आजूबाजूच्या गावांतून त्याला भजनाला बोलवायचे. सुचिताच्या आईनं याहून काय पाहायचं होतं?

लग्नानंतर थोड्याच दिवसांत एका प्रार्थनासभेत राजकुमारनं गाण्यातला एक शब्द चुकवला. परत येताना सुचितानं हसत हसत तो दुरुस्त करून सांगितला, आणि तेव्हा बरोबर दोन बायाही होत्या. घरी आल्यावर त्यानं दार लावलं आणि तिच्या तोंडात मारली. मग पुढ्यात गुडघे टेकून रडला. मोठ्यानं प्रार्थना केली, देवाजवळ क्षमा मागितली, आणि तिलाही गुडघ्यावर बसवून 'माफ केलं' असं म्हणायला लावलं. शेवटी दोघांनी मिळून आमेन म्हटलं.

पुढे हे असंच चालू झालं. आधी मार, मग प्रार्थना. तिला मारापेक्षा त्या प्रार्थनेची जास्त भीती वाटायला लागली, असं ती मला एकदा म्हणाली, कारण मार संपत होता आणि प्रार्थनेत तिला स्वतःच्या तोंडानं सगळं ठीक आहे म्हणावं लागत होतं. आत मारहाण चालू असली की ओसरीवर बसलेले उकंडराव मोठ्यानं खोकायचे. कधी त्या खोकल्यानं राजकुमारचा हात थांबायचा, कधी नाही थांबायचा. खोकल्यापलीकडे ते कधी गेले नाहीत. एकदा सुचिता पाळकांकडे गेली. मंडळीचे पाळक भले गृहस्थ होते, दर आठवड्याला मोटारसायकलवर यायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि नवऱ्यासाठी जास्त प्रार्थना करत जा असं सांगितलं. त्याच संध्याकाळी राजकुमारला ती गोष्ट कळली.

मुलगी झाली. तिचं नाव डिंपल ठेवलं. ती तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट.

तुरीला फूल लागलं होतं, फवारणीचे दिवस होते. फवाऱ्याच्या पंपासाठी आणलेलं पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत भरून पडवीत ठेवलेलं असायचं. सुचितानं आदल्या दिवशी सांगून टाकलं होतं की ती डिंपलला घेऊन मेहकरला जाणार, आईकडे राहणार आणि नर्सिंगचं शिकणार. सकाळी ती मागच्या टिनाच्या खोलीत चुलीसमोर बसून आंघोळीचं पाणी तापवत होती. डिंपल अंगणवाडीत गेली होती. राजकुमार दारात आला. त्यानं विचारलं, खरंच जाणार का? ती हो म्हणाली. बाटली त्याच्या हातात होती. ती चुलीकडे वळून लाकूड पुढे सारत होती, तेवढ्यात पाठीवर, मानेवर काहीतरी गार पडलं. वास आला आणि त्याच क्षणी भडका उडाला.

ती दाराकडे धावली. दार ओढलेलं होतं आणि कडी बाहेरून लागली होती.

पुढचं तिला तुटक आठवतं. ती दार ठोकत होती, उजव्या हातानं. मग कधीतरी दार उघडलं. समोर उकंडराव होते. त्यांनी अंगावर गोधडी टाकली, ती तिथंच पडली.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत ती शुद्धीवर होती. गाडीत राजकुमार तिच्या डोक्याशी बसला होता. तो रडत होता, प्रभूचं नाव घेत होता. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर थांबलं तेव्हा तो वाकून तिच्या चांगल्या कानाशी बोलला, "डिंपल घरी हाये. तिले माय पाहिजे का नाही, तू ठरव."

जबाब घ्यायला पोलीस आले, मग नायब तहसीलदार आले. सुचितानं सांगितलं की चुलीशी बसले असताना माझ्याच हातून बाटली सांडली. कोणावर संशय? कोणावर नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला.

जळीत वॉर्डातले ते आठवडे कसे असतात ते मी लिहू शकत नाही. सुचितानंही मला पूर्ण सांगितलेलं नाही. पट्ट्या बदलायच्या वेळी बायांच्या किंकाळ्या लांबच्या जिन्यापर्यंत ऐकू यायच्या एवढंच तिची आई सांगते. शेजारच्या खाटेवरची बाई गेली, तिच्या जागी दुसरी आली, तीही गेली. सुचिताच्या मांडीची कातडी काढून मानेवर लावली होती, ती धरली नाही. जखमेत पू झाला. ती जेवत नव्हती. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन मनाची तयारी ठेवा म्हणून सांगितलं.

आई उशाशी बसून रोज प्रार्थना म्हणायची. सुचितानं सोबत म्हणून पाहिलं. शब्द पाठ होते, पण अर्ध्यावर अडायचे. लहानपणापासून कधी न अडलेली प्रार्थना तिला पुरी करता येईना. तिला वाटलं, आपण मरायला टेकलो म्हणून असं होतंय.

एक दिवस पाळक भेटायला आले. बरोबर मंडळीतली चार माणसं होती, राजकुमारही होता. त्यानं केळी आणली होती. सगळे खाटेभोवती उभे राहिले, डोळे मिटले. पाळकांनी प्रार्थना केली की हे प्रभू, या भयंकर अपघातातून तू आमच्या बहिणीला राखलंस, तिच्या प्रेमळ नवऱ्याला धीर दे. प्रार्थना संपली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. सुचिताच्या तोंडून आमेन निघालं नाही. तिनं ओठ हलवले, तेवढंच. सगळ्यांना वाटलं अशक्तपणा आहे. राजकुमारनं मात्र डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

ते गेल्यावर तिला पहिल्यांदा रडू आलं. आमेन म्हणजे काय, तर हे असंच आहे, हे खरं आहे. एवढी वर्षं ती मार खाऊन आमेन म्हणत आली होती. आज देवासमोर अपघात म्हटला गेला, आणि त्याला आमेन म्हणायला तिची जीभ तयार नव्हती. तिला वाटलं, माणसांशी खोटं बोलले ते डिंपलसाठी. पण याच्याशी कशाला खोटं बोलत होते? याला तर माहीत आहे.

आई खाली चहा आणायला गेली होती. सुचितानं छताकडे बघून, पाठ केलेलं सगळं सोडून, आपल्या बोलीत सांगायला सुरुवात केली. प्रभू, बाटली सांडली नाही. त्यानं टाकलं. कडी त्यानं लावली. मी दार ठोकत होती. तू तिथं होता का नव्हता, मले माहीत नाही. मले त्याचा राग येते, तुहाही येते. तिनं सगळं सांगितलं, पहिल्या थपडेपासून. मोठ्यानं बोलत होती की मनात, तिला कळत नव्हतं. काही मागितलं नाही. शेवटी एकटीच आमेन म्हणाली, आणि झोपली. एवढ्या दिवसांत औषधाशिवाय आलेली ती पहिली झोप होती.

वॉर्डात जनकाबाई नावाची मावशी होती. उंच, तुटक बोलणारी, गळ्यात निळा दोरा. पट्ट्या भिजवून सोडवायचं काम तिचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडवताना ती खाली वाकून म्हणाली, "काल सांगून राह्यली होती ते आयकलं म्या. कोनाले सांगत होती?"

सुचितानं डोळे वर केले.

"त्याले सांगतलं ते चांगलं केलं," जनकाबाई म्हणाली. "आता इथल्यायले सांग."

ती मेहकरला परत आली तोवर उन्हाळा लागला होता. जखमा भरत आल्या होत्या. दुसऱ्यांदा लावलेली कातडी धरली होती. डॉक्टर म्हणतील ती जेवायला लागली, अंडी खाल्ली, रडत का होईना व्यायाम केला, म्हणून जखमा भरल्या. सुचिता म्हणते जेवायला लागले ते त्या दिवसापासून. मी दोन्ही ऐकलेलं आहे आणि मला त्यात भांडण दिसत नाही. मात्र बोटं सरळ झाली नाहीत, कान परत आला नाही. हे ती स्वतःच आधी सांगते.

इथल्यांना सांगायला तिला आणखी काही महिने लागले, कारण डिंपल सासरी होती आणि राजकुमार तिला भेटू देत नव्हता. आधी आईला सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, उठली, भांडी घासायला बसली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. मग दोघी पोलीस ठाण्यात गेल्या.

बातमी गावात पोचली तशी दोन दिवसांत पाळक आणि उकंडराव मेहकरला आले. सलाम करून बसले. पाळकांनी क्षमेवर बोलायला सुरुवात केली. ख्रिस्ती माणसानं विश्वासातल्या भावाला कोर्टात ओढू नये, मंडळीची नाचक्की होईल, राजकुमारला पस्तावा झाला आहे, आपण सगळे पापी. सुचितानं पूर्ण ऐकून घेतलं.

"पास्टर साहेब, माफ करायचं का नाही ते मी आन प्रभू पाहून घेऊ," ती म्हणाली. "पन झालं ते झालं नाही असं मी आता म्हननार नाही. मंग माफ तरी कशाले करू, काही झालंच नाही तर?"

 ती सासऱ्यांकडे वळली.

"मामाजी, कडी तुमीच काढली ना?"

उकंडराव टोपी हातात घेऊन बसले होते. ती फिरवत राहिले. मग उठले आणि पायऱ्या उतरून गेले.

राजकुमारला अटक झाली, तेव्हा पोलिसांबरोबर जाऊन आईनं डिंपलला आणलं. सुचिता दारात बसली होती. पोरीनं तिच्याकडे पाहिलं आणि आजीच्या पातळात तोंड लपवून किंचाळायला लागली. कित्येक दिवस ती आईजवळ गेली नाही. सुचिता खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, तोंड भिंतीकडे करून, नुसती बोलायची. आवाज तोच होता. पोरगी आवाज ओळखून हळूहळू जवळ यायची, आणि आई वळली की पुन्हा पळायची. त्या दिवसांत प्रार्थना करायची का, असं मी विचारलं होतं. म्हणाली, करायची, पण भांडणासारखी.

खटला बरीच वर्षं चालला. राजकुमार जामिनावर सुटून आला होता. साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. सुचितानं सगळं सांगितलं. उलटतपासणीत राजकुमारच्या वकिलानं पहिला जबाब वाचून दाखवला. तेव्हा खोटं बोलला होतात की आता बोलता आहात? ती म्हणाली, तेव्हा. का? पोरीसाठी. मग उकंडरावांची साक्ष झाली.  ते म्हणाले, दार उघडंच होतं, आरडाओरडा ऐकून मी आत गेलो आणि आग विझवली. खाली मान घालून बोलले. कडी त्या खोलीला होती का असं सरकारी वकिलांनी विचारलं, तर आठवत नाही म्हणाले.

संशयाचा फायदा देऊन राजकुमारला सोडलं. बाहेर त्याच्या मित्रांनी त्याला मिठ्या मारल्या. तो पुढे सुरतला गेला, तिकडे दुसरं लग्न केलं असं ऐकलं. सुचिता कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसली होती. मी शेजारी बसले. तीच म्हणाली की पोरीला शाळेतून आणायची वेळ झाली.

तो निकाल तिनं पचवला असं मी म्हणणार नाही. ती आजारी पडली. मेहकरच्या मंडळीतले लोकही तिच्याशी तुटक वागायचे. उपासनेत ती बसली की बाकावर शेजारची जागा रिकामी राहायची. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरस वाटायच्या दिवशी एका बाईनं तिला हळूच सांगितलं, मन साफ नसेल तर घेऊ नये. तेव्हापासून ती रविवारी घरीच राहायला लागली. दुकान बंद ठेवून मशीनसमोर बसायची, देवाला आपल्या बोलीत सगळं सांगायची. आई सुरुवातीला वैतागली, मग तीही शेजारी येऊन बसू लागली. एवढंच तिचं चर्च.

दोन वर्षांनी एका दुपारी रुखमाबाई दुकानात आली. लग्नानंतर ती सुनेशी कधी दोन वाक्यांपलीकडे बोलली नव्हती, आज स्टुलावर बसून पदरानं तोंड पुसत राहिली. उकंडरावांना लकवा मारला होता. एक बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. पाळक रोज तेल लावून प्रार्थना करत होते. पण म्हातारा फक्त सुचिताचं नाव घेत होता.

"बाई, तू येऊन हात ठेव त्यायच्या डोक्यावर," रुखमाबाई म्हणाली. "तुह्याच हातानं बरं वाटन म्हनते."

आईनं सरळ नाही म्हटलं. कोर्टात खोटं बोलला तेव्हा कुठं गेली होती ही आठवण? सुचितानं दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप लावलं आणि डोणगावची बस धरली.

त्या घरात ती त्या सकाळनंतर पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. मागची टिनाची खोली पाडली होती. ओसरीवर खाट होती, भोवती मंडळीतली माणसं, पाळक, रुखमाबाई. उकंडरावांचं अंग निम्मं झालं होतं. तोंड एका बाजूला ओघळलेलं. सुचिता दिसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पाळकांनी तिला जागा करून दिली आणि प्रार्थना सुरू करायला सांगितलं.

"करीन," सुचिता म्हणाली. "पन मामाजी, खोट्यावर आमेन म्हनता येत नाही मले. मी लय प्रयत्न करून पाह्यला."

 उकंडरावांनी चांगला हात उचलून माणसांना जवळ यायची खूण केली. जड जिभेनं, एकेक शब्द ओढून काढत ते बोलले. ऐकणाऱ्यांना दोन-दोनदा विचारावं लागत होतं.

"कडी... राजकुमारनं लावली. म्या... पाह्यलं." मग बराच वेळ नुसता श्वास. "मी इथंच... बसून होतो. तू दार... ठोकत होती. मी... आयकत होतो. उठलोच नाही... लवकर."

सुचिताला वाटत आलं होतं की सासरा धावत आला. एवढ्या वर्षांत, कोर्टात खोटं बोलले तरीही, तिनं त्यांच्या नावावर एक गोष्ट जमा ठेवली होती, की यांनी मला वाचवलं. आता कळलं की ती आत ठोकत असताना हे इथं, या ओसरीवर, ऐकत बसले होते. पोराला वाचवायचं की सुनेला, याचा विचार करत असतील, किंवा कसलाच विचार करत नसतील.

ती उठली आणि अंगणात गेली. तिथं तिला ओकारी झाली. रुखमाबाई तांब्या घेऊन आली, तिनं तो घेतला नाही. कोपऱ्यातल्या नळावर तोंड धुतलं, ओट्यावर बसली. तिला वाटलं परत जावं, बस मिळेल. तिनं मला सांगितलं की त्या वेळी ती देवाला म्हणाली, हे माझ्यानं होत नाही. तुला करायचं असेल तर तू कर, माझा हात वापर, पण माझ्याकडून प्रेमबिम मागू नको. उत्तर आलं नाही. उजेड पडला नाही. फक्त एवढं झालं की ती उठली तेव्हा पाय रस्त्याकडे न जाता ओसरीकडे वळले.

तिनं आपला उजवा, वाकडा हात उकंडरावांच्या कपाळावर ठेवला. बोटं मिटलेली असल्यामुळे मुठीसारखा टेकला. प्रार्थना एवढीच होती: "प्रभू, यायनं खरं सांगतलं. तू आयकलं, म्याही आयकलं. आता यायले तू पाहा."

सगळे पुढच्या शब्दांची वाट बघत राहिले. तिला आणखी काही म्हणायचं नव्हतं. ती आमेन म्हणाली. उकंडरावांनी म्हणायचा प्रयत्न केला, शब्द अर्धाच निघाला. पाळक खाली बघत उभे होते. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली नाही.

उकंडराव बरे झाले नाहीत. ईस्टरच्या आधीच गेले. सुचिता मातीला गेली नाही. त्या भेटीनंतर आठवडाभर ती तापानं फणफणली होती, झोपेत दार ठोकत होती असं आई सांगते. मग ताप उतरला. पाळकांनी भेटीनंतरच्या रविवारी गावच्या मंडळीसमोर उकंडरावांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, आणि आपणही तिला गप्प बसायला सांगितलं होतं हेही. काही लोक उठून गेले. त्यामुळे कोर्टाचा निकाल बदलला नाही. राजकुमार सुरतलाच आहे.

तरी काहीतरी बदललं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पूर्वी दुकानाचं दार वाऱ्यानं आपटलं की सुचिता मशीन सोडून उभी राहायची, चेहरा पांढरा पडायचा. आता राहत नाही. झोप येते म्हणते. कधीकधी पिको करताना गुणगुणते. मी विचारलं, सासऱ्यांना माफ केलं का? तिनं दोरा ओवून घेतला आणि म्हणाली की कधी केलेलं असतं, कधी नसतं. रोज बघावं लागतं.

मागच्या वर्षी साखरखेर्ड्याला एका प्रार्थनासभेत तिला साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, बोलावलं होतं. ती गेली. मांडव मोठा, कर्णा लावलेला. निवेदकानं सांगितलं की या भगिनीला प्रभूनं मरणातून उठवून पूर्ण बरं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुचितानं माईक घेतला, हात वर केला आणि हा हात असाच आहे, इथपासून सुरुवात केली. कडीचं सांगितलं, कोर्टाचं सांगितलं, ओसरीचं सांगितलं. टाळ्या थांबल्या. तिला पुन्हा कोणी बोलावलेलं नाही. पण त्यानंतर अधूनमधून कोणी बाई दुकानात येते, जिच्याजवळ साडी नसते. सुचिता मशीन थांबवते, दार पुढे ढकलते, आणि ती बाई बोलेपर्यंत बसून राहते. पोलिसांत जायचं असेल तर सोबत जाते. प्रार्थना त्या बाईनं म्हटलं तरच करते.

डिंपल आता तेरा वर्षांची आहे. हुशार आहे, हट्टी आहे. रविवारी आई आणि आजी बसतात तेव्हा ती बसत नाही, मागच्या खोलीत अभ्यास करते. सुचिता तिला आग्रह करत नाही. परवा मी फॉल लावायला दिलेली साडी घ्यायला गेले होते, तेव्हा पोरगी दप्तर टाकून आईसमोर उभी राहिली. शाळेत कोणीतरी काहीतरी बोललं होतं. मी आहे हे तिनं पाहिलं, तरी विचारलं.

"तुहा प्रभू येवढा चांगला हाये, त मंग त्या दिवशी त्यानं कडी काऊन नाही काढली?"

सुचितानं मशीनवरचा पाय काढला. मला वाटलं ती काहीतरी समजावून सांगेल. 

"मले नाही माहीत," ती म्हणाली. "मीही त्याले तेच इचारत असते."

डिंपल आत गेली, आणि ताटात भात वाढून घेतल्याचा आवाज आला. सुचितानं माझी साडी घडी घालून कागदात गुंडाळली.